परिसराचा धडा : पुस्तकातून हातात

(विद्यार्थ्यांच्या उन्हाळी शिबिरांचे संयोजन करणाऱ्या शिक्षकांपुढील व्याख्यान)



मे महिना हा शालेय वर्षातील रिकामा महिना, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परीक्षा संपलेल्या असतात, वह्या रद्दीत गेलेल्या असतात आणि मुले आजोळी पोहोचलेली असतात. निसर्गाच्या वेळापत्रकात मात्र हा महिना रिकामा नसतो. विहिरींनी तळ गाठलेला असतो, काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, करंजाच्या शेंगा वाळून खाली पडू लागलेल्या असतात आणि मृग केव्हा लागतो याकडे सारा शेतकरीवर्ग डोळे लावून बसलेला असतो. पाण्याची किंमत, सावलीचे मोल आणि मातीची तहान या तीन गोष्टी वर्षातील अन्य कोणत्याही महिन्यात इतक्या उघडपणे समोर येत नाहीत. परिसर-शिक्षणाचे वर्ग भरवावयाचे तर याहून अधिक योग्य काळ शोधूनही सापडावयाचा नाही.

महाराष्ट्रात उन्हाळी शिबिरांची प्रथा चांगली रुजली आहे. गाणी, खेळ, कागदकाम, नाट्य आणि पोहणे यांना शिबिरांत स्थान असते आणि ते असावयासच हवे. परंतु पर्यावरण हा विषय आला की बहुधा एक व्याख्यान, एक भित्तिचित्र स्पर्धा आणि एक वृक्षारोपण एवढ्यावरच कार्यक्रम आटोपतो. व्याख्यान मुले विसरतात, चित्रे भिंतीवरून उतरतात आणि भर मे महिन्यात लावलेले रोप आठ दिवसांत वाळते. पुढील वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते, ही थट्टा खेडोपाडी ऐकू येते. ही थट्टा ऐकत मोठा होणारा विद्यार्थी परिसर-शिक्षणातून एकच गोष्ट शिकतो : हे सारे समारंभापुरते असते. तो हे शिकू नये, असे वाटत असेल तर शिबिराची मांडणीच निराळ्या पद्धतीने करावयास हवी.

विचार जुना, आचरण अपुरे

हातांनी काम करीत शिकावे, हा विचार या भूमीला नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. उत्पादक श्रम आणि भोवतालचा परिसर हीच शिक्षणाची माध्यमे व्हावीत, हे त्या कल्पनेचे सार होते. पुढे १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली आणि ५ जून हा दिवस जागतिक पर्यावरण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. भारताच्या राज्यघटनेत १९७६ साली झालेल्या ४२ व्या दुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९७७ मध्ये तिबिलिसी येथील आंतरशासकीय परिषदेने पर्यावरण-शिक्षणाची जी उद्दिष्टे सांगितली, त्यांत जाणीव आणि ज्ञान यांच्याबरोबर वृत्ती, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग यांचाही समावेश होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याबाबत निदेश दिले. २००१ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या योजनेखाली शाळाशाळांतून निसर्ग मंडळे स्थापन झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची शिफारस केली.

धोरण, कायदा आणि पाठ्यपुस्तक या तिन्ही आघाड्यांवर काम झाले आहे. उणीव आहे ती चौथ्या आघाडीवर. जलचक्राची आकृती अचूक काढणारा विद्यार्थी आपल्या शाळेच्या छपरावरून पावसाळ्यात किती पाणी वाहून जाते, हे सांगू शकत नाही. मृदेचे प्रकार पाठ असलेली विद्यार्थिनी आपल्या शेतातील माती कोणत्या प्रकारची, हे बोटांनी चाचपून ओळखू शकत नाही. ही दरी भरून काढण्याचे सामर्थ्य उन्हाळी शिबिरात आहे. तेथे तासाची घंटा नसते, गुणपत्रिका नसते आणि वर्गाला भिंतीही नसतात.

हातात आलेल्या वस्तूचे सामर्थ्य किती असते, याचे एक उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून ही नेहमीची चिमणी नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आले. तो पक्षी घेऊन ते १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेले. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला वाटेला लावले नाही. त्यांनी पक्षी ओळखून दिला, कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखविले आणि अभ्यासाची वाट मोकळी केली. भारतीय पक्षिशास्त्राचा पुढील इतिहास या एका भेटीपासून सुरू झाला. या प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या : मुलाच्या हातातील वस्तू, त्याच्या मनातील प्रश्न आणि कपाट उघडून देणारा मोठा माणूस. शिबिराच्या संयोजकाने या तीन गोष्टींची सोय केली, म्हणजे त्याचे अर्धे कार्य पार पडले असे समजावे. पक्षी मारण्याची गरज मात्र आता मुळीच उरलेली नाही. दुर्बीण, वही आणि थोडा संयम एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे.

मातीची ओळख

शिबिराचा पहिला दिवस मातीला द्यावा. काचेची सरळ उभी बरणी घेऊन तिचा एक तृतीयांश भाग मातीने भरावा, वर पाणी ओतावे, झाकण लावून बरणी जोराने हलवावी आणि ती जागची न हलविता ठेवून द्यावी. जाड वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते. पोयटा त्यावर काही तासांत साचतो. चिकणमातीचे सूक्ष्म कण पाण्यात एक दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ तरंगत राहतात, आणि पालापाचोळ्याचे अंश पाण्यावर दिसतात. पट्टीने प्रत्येक थराची जाडी मोजली की मातीची घडण मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. नदीकाठची, बांधावरची, रस्त्याकडेची आणि जुन्या झाडाखालची अशा चार मातींच्या चार बरण्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्या चार बरण्या जे सांगतात, ते चार पानांच्या पाठातून सांगता येत नाही.

दुसरा प्रयोग पाणी जिरण्याचा. दोन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा डबा दोन-तीन इंच जमिनीत दाबून बसवावा, त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते जिरण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळावर पाहावे. झाडाखालच्या भुसभुशीत जमिनीत, पायवाटेवर, नांगरलेल्या शेतात आणि उघड्या माळावर हाच प्रयोग केला असता प्रत्येक ठिकाणचा काळ निराळा येतो. पाऊस पडूनही विहीर का भरत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत दडलेले असते. पायदळी तुडविलेली, उघडी पडलेली जमीन पाणी पिण्यापूर्वीच ते वाहू देते आणि वाहणारे पाणी आपल्याबरोबर माती घेऊन जाते.

दख्खनच्या पठारावर आणखी एक सोपी नोंद करता येते. येथील काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात तिला पडलेल्या भेगेत बारीक काठी घालून भेगेची खोली मोजावी आणि रुंदी पट्टीने घ्यावी. पहिल्या पावसानंतर पुन्हा त्याच जागी जावे. भेग मिटलेली पाहिल्यावर माती ही निर्जीव भुकटी नसून ओलीबरोबर हालचाल करणारी वस्तू आहे, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही.

पाण्याचा हिशेब

पाण्याविषयीचे उपक्रम हा शिबिराचा गाभा असावा. कारण महाराष्ट्राच्या मोठ्या भागात उन्हाळा आणि टंचाई हे शब्द जोडीनेच उच्चारले जातात. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत. त्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला आणि पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरावा, असा विचार मांडला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने आपल्या शिवारात पडणारा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत अंगीकारली. दोन्ही प्रयोगांचे मूळ एकच आहे. जे मोजले जाते, त्याविषयी गावाला निर्णय घेता येतो.

म्हणून मुलांनी प्रथम पर्जन्यमापक तयार करावा. सरळ भिंतींची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवावा. तळाचा खोलगट भाग खडे व पाणी घालून सपाट रेघेपर्यंत भरावा आणि त्या रेघेला शून्य मानून वर मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. तोंड आणि अंग यांचा व्यास सारखा असणे आवश्यक आहे, अन्यथा मोजमाप चुकते. मापक झाडाच्या वा भिंतीच्या आडोशास न ठेवता मोकळ्या जागी ठेवावा. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. मे महिन्यात बहुतेक दिवशी शून्य लिहावे लागेल. ते शून्यही नियमाने लिहिणे, ही शास्त्रीय शिस्तीची पहिली पायरी होय.

आता छपराचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते, एवढे एकच सूत्र येथे पुरते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर त्यावर ५० हजार लिटर पाणी पडते. वाया जाणारा पाचवा भाग वगळला, तरी ४० हजार लिटर उरते. शाळेत २०० मुले असतील आणि प्रत्येकास दिवसाला ५ लिटर लागत असतील, तर हे पाणी ४० दिवस पुरेल. फीत घेऊन छपराची लांबी-रुंदी मुलांनी स्वतः मोजावी आणि हा गुणाकार त्यांनीच करावा. चौथी-पाचवीचे गणित गावाच्या टाकीपर्यंत पोहोचते, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात येते.

विहिरीचे गणितही असेच. दोरीला मीटरमीटरवर गाठी मारून टोकाला दगड बांधावा आणि शिक्षकांनी स्वतः कठड्याबाहेर उभे राहून तो खाली सोडावा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर खोलीचे पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र कशासाठी शिकावयाचे, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर नाही. गळका नळ हाही एक उत्तम धडा आहे. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर चार लिटरांहून अधिक पाणी एका नळातून निसटते. गावातील असे नळ मुलांनी मोजावेत आणि त्यांची यादी करावी.

या साऱ्या हिशेबात एक रकाना विशेष काळजीने भरावयाचा आहे. ग्रामीण भागात २०१९ पासून राबविल्या गेलेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे परिमाण ठरविले. पाच माणसांच्या कुटुंबास त्या हिशेबाने २७५ लिटर लागतात. घरातील हंडा १५ लिटरचा असेल, तर त्या पाण्यासाठी १९ खेपा कराव्या लागतील. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील हंड्यात किती पाणी मावते, पाण्याची जागा किती पावलांवर आहे आणि दिवसाला किती खेपा होतात, हे नोंदवावे; आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक खेप कोणी केली, हे लिहावे. ज्या गावी नळ घरात आलेला नाही, तेथे त्या रकान्यात बहुधा आई, बहीण, आजी हीच नावे पुनःपुन्हा येतील. त्यावर भाष्य करण्याची घाई शिक्षकांनी करू नये. तो तक्ता फळ्यावर लावावा आणि मुलांना व मुलींना तो एकत्र बसून वाचू द्यावा. पाण्याची टंचाई सर्वांना सारखी जाणवत नाही आणि तिचा भार शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलींच्या डोक्यावर अधिक पडतो, ही गोष्ट आकड्यांतून उमगलेला मुलगा दुसऱ्या दिवशी आपण होऊन हंडा उचलण्याचा संभव अधिक असतो.

उताराची भाषा

पाणी अडवावयाचे तर जमिनीचा उतार समजला पाहिजे. त्यासाठी महागड्या उपकरणाची जरुरी नाही. दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधून खाली फाकवावेत, मध्ये आडवा बांबू बांधावा आणि वरच्या गाठीपासून ओळंबा सोडावा, म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट तयार होते. चौकट एका जागी उभी करून दोरी आडव्या बांबूवर जेथे येते, तेथे खूण करावी. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करावी. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळीची खूण. यानंतर चौकटीचा एक पाय स्थिर ठेवून दुसरा फिरवीत टेकडीवर पुढेपुढे जावे आणि दोरी मध्यावर येईल तेथे तेथे चुन्याची खूण करावी. खुणा जोडल्या की टेकडीच्या अंगावर एक वाकडीतिकडी रेघ उमटते. समतल चर याच रेघेवर खणावयाचा असतो. सरळ रेघेत खणलेला चर पाणी एका टोकाला पळवून नेतो आणि समपातळीवरील चर ते अडवून जिरवितो. वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना या खेळात आवर्जून बोलवावे. नुसत्या नजरेने उतार ओळखणारी माणसे गावात असतात. त्यांची नजर आणि मुलांची चौकट यांचा मेळ बसला की दोघांनाही आनंद होतो.

रोपाचे वर्ष

वृक्षारोपणाचा कार्यक्रम मे महिन्यात करू नये. त्या महिन्यात खड्डे खणावेत आणि बी गोळा करावे. दीड फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा उन्हात तापू द्यावा आणि चांगला पाऊस झाल्यावर, जमिनीत ओल पुरेशी मुरल्यावर, त्यात रोप लावावे. खड्डा खणणारी टोळी आणि पुढे त्या रोपाला पाणी घालणारी टोळी एकच असावी.

बियांचे स्वभाव हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असते. वीस बिया उकळी काढून उतरविलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात आणि वीस तशाच कोरड्या पेराव्यात; कोणत्या अधिक उगवतात, हे मोजावे. कडुनिंब आणि जांभूळ यांच्या बिया मात्र साठवून ठेवण्याजोग्या नसतात. त्या ताज्या असतानाच पेराव्या लागतात, कारण त्यांची उगवणशक्ती लवकर नाहीशी होते. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत एकत्र करून दुधाच्या रिकाम्या पिशव्या भराव्यात, तळाला भोके पाडावीत आणि बी पेरावे.

येथे एक व्यावहारिक सूचना करणे अगत्याचे आहे. मे महिन्यात पेरलेले रोप त्याच पावसाळ्यात लावण्याएवढे सशक्त क्वचितच होते. ते वर्षभर रोपवाटिकेत वाढू द्यावे आणि पुढील वर्षीच्या शिबिरातील मुलांनी ते लावावे. प्रत्येक शिबिराने मागील शिबिराची रोपे लावावीत आणि पुढील शिबिरासाठी नवी रोपे तयार करावीत, असा क्रम पडला म्हणजे शिबिराला वर्षभराचे आयुष्य लाभते. नोंदवहीत लावलेल्या रोपांची संख्या लिहून थांबू नये; जगलेल्या रोपांची संख्या दर तीन महिन्यांनी लिहावी. जे रोप वाळले त्याचे कारणही लिहावे. शेळीने खाल्ले, पाणी मिळाले नाही, कुंपण नव्हते, ही कारणे लज्जास्पद नाहीत. त्यांच्यातूनच पुढील वर्षीचे शहाणपण येते.

उंबराखालचा एक तास

सजीवसृष्टीच्या ओळखीसाठी दूरच्या अभयारण्यात जाण्याची गरज नाही. गावाबाहेरचे एक जुने उंबराचे किंवा वडाचे झाड पुरे आहे. पहाटे साडेसहा वाजता मुलांच्या टोळीने त्याखाली एक तास न बोलता बसावे. कोणता पक्षी आला, कोणत्या फांदीवर बसला, काय खाल्ले, कोणाला हुसकावले, एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर रंग, आकार आणि चोच यांचे वर्णन लिहावे. मग खाली पडलेले उंबर काळजीपूर्वक उघडून भिंगाखाली पाहावे. आतील चिमुकले कीटक पाहून नाक मुरडण्याची सवय सर्वांनाच असते. परंतु तेच कीटक या वृक्षाचे परागवाहक आहेत. उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या त्या गाठीच्या आतच असतात. मादी कीटक एका बारीक छिद्रातून आत शिरते, अंडी घालते आणि परागीभवन घडवून आणते. वड, पिंपळ, उंबर या कुळातील वृक्षांची आणि त्यांच्या कीटकांची अशी परस्परांवाचून न चालणारी जोडी असते. त्या कीटकाविना उंबराला बी धरणार नाही आणि उंबराविना कितीतरी पक्ष्यांची उन्हाळ्यातील शिधा बंद होईल. निसर्गातील परस्परावलंबन हा जड शब्द मुलांच्या तळहातावर उलगडतो तो असा.

संध्याकाळ वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवावी. मुलांनी आजी-आजोबांना विचारावे : पूर्वी शिवारात असलेली कोणती झाडे आता दिसत नाहीत? पावशा कोणत्या दिवसांत ओरडू लागतो? चातक केव्हा दिसतो? कोणत्या ओढ्याला माघ महिन्यापर्यंत पाणी असे? २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद आहे. परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी अशा नोंदवह्यांच्या कल्पनेचा मोठा पुरस्कार केला. मुलांनी जमविलेली माहिती तपासून त्या नोंदवहीत समाविष्ट करता येते. शिबिरातील एका संध्याकाळच्या गप्पा अशा रीतीने गावाच्या दप्तरात जतन होऊ शकतात.

कचऱ्याचे वजन

शिबिर स्वतःच एक लहानसे गाव असते. तेथे स्वयंपाक होतो, कचरा होतो. रोज रात्री ओला आणि सुका कचरा निराळा करून तराजूवर तोलावा आणि माणशी किती झाला, हे फळ्यावर लिहावे. पानात टाकलेल्या अन्नाचे वजन स्वतंत्र घ्यावे. चौथ्या-पाचव्या दिवशी हा आकडा आपोआप खाली येऊ लागतो. फळ्यावरचा आकडा ताटाजवळ बसलेल्या मुलाला दिसत असतो. ओल्या कचऱ्यासाठी छोटा खतखड्डा करावा आणि त्यात पालापाचोळा, शेण, माती व ओला कचरा यांचे थर द्यावेत. यवतमाळ जिल्ह्यातील नारायणराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नाडेप पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. जाळीदार विटांच्या टाक्यात हवा खेळती राहून काही महिन्यांत उत्तम खत तयार होते. तेच खत रोपवाटिकेच्या पिशव्यांत जावे.

काही पथ्ये

उत्साहाला सावधगिरीची जोड हवी. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात मुलांना उन्हात नेऊ नये. तो वेळ सावलीत बसून आकडेमोड, नकाशे आणि तक्ते यांसाठी वापरावा. डोक्यावर टोपी वा पंचा, पायांत पादत्राणे आणि जवळ पिण्याचे पाणी असावे. ताक व मीठ-साखरेचे पाणी हाताशी ठेवावे. बिळात, दगडाखाली वा पाचोळ्यात हात घालू देऊ नये. जवळच्या आरोग्य केंद्राशी आधी संपर्क साधून ठेवावा. विहीर, तलाव वा खाण येथे शिक्षक बरोबर असल्यावाचून कोणीही जाऊ नये आणि शेतकऱ्याच्या शेतात त्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. घरटी, अंडी आणि पिले यांना हात लावू नये. वन्यजीवांच्या संरक्षणासाठी १९७२ पासून कायदा आहे, हेही मुलांना सांगावे.

आणखी एक पथ्य मनाचे आहे. जो आकडा मोजला नाही, तो वहीत लिहू नये. त्याची जागा कोरी ठेवावी. एखाद्या दिवशी पर्जन्यमापक पाहावयाचा राहून गेला, तर अंदाजाने आकडा घालण्याचा मोह मुलांना होतो आणि कित्येकदा मोठ्यांनाही होतो. कोरी जागा सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षकांनी सर्वांसमोर कौतुक करावे. परिसराचे रक्षण पुढे ज्यांच्या हाती जाणार आहे, त्यांच्या वहीवर विश्वास ठेवता आला पाहिजे.

शिबिर संपल्यानंतर

समारोपाच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते आणि सतरंज्या गुंडाळल्या जातात. खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते आणि ती मुलांची नसते. मुलांनी गळक्या नळांची यादी दिली, उघड्या टेकडीवर चुन्याची रेघ आखून दाखविली, छपरावरील पाण्याचा हिशेब मांडला आणि हंड्यांच्या खेपांचा तक्ता लावला. हे कागद कपाटात पडून राहिले तर काय होईल? मोजमाप करणे हा एक खेळ होता, मोठी माणसे त्याकडे लक्ष देत नाहीत, हा निष्कर्ष चाळीस मुले काढतील. तो पुसून टाकणे पुढे कोणत्याही पाठ्यपुस्तकाला साधणार नाही.

यास्तव शिबिराच्या नियोजनातच पुढील वाटचालीची सोय असावी. शिबिराचा अहवाल चार पानांचा, सोप्या भाषेतील आणि आकड्यांनी युक्त असावा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक शाळा व्यवस्थापन समितीला द्यावी. १५ ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत तो दोन विद्यार्थ्यांनी, त्यांत एक मुलगी असावी, उभे राहून वाचावा. तोपर्यंत पावसाचे दोन महिने लोटलेले असतात. पर्जन्यमापकात आकडे आलेले असतात, विहिरीची पातळी पुन्हा मोजलेली असते आणि किती रोपांनी मूळ धरले, हे कळलेले असते. सरपंच, ग्रामसेवक व गावकरी यांनी त्या अहवालातील निदान एक काम त्या वर्षी पार पाडण्याचे ठरवावे. ते काम लहान असले तरी चालेल. दहा गळके नळ दुरुस्त झाले, शाळेच्या छपराला पन्हळ बसून टाकी जोडली गेली, किंवा समपातळीच्या रेघेवर शंभर मीटरचा चर खणला गेला, तरी आपल्या वहीतील आकड्याने गावातील एक गोष्ट बदलली, हे मुलांनी पाहिलेले असेल.

या उपक्रमांना लागणारे साहित्य सुतळी, बांबू, रिकाम्या बाटल्या, पत्र्याचे डबे, चुना, बरण्या आणि एक तराजू एवढेच आहे. खर्चाची सबब येथे पुढे करता येत नाही. लागतो तो वेळ, आणि मुलांच्या प्रश्नांपुढे न कंटाळता उभे राहण्याची तयारी. महाराष्ट्रातील शिक्षकांपाशी ती तयारी आहे, याची साक्ष अनेक गावांतील शाळांच्या हिरव्या आवारांनी दिली आहे. येत्या मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागेल, तेव्हा तिच्या काठी गाठी मारलेली दोरी घेऊन शिक्षक उभे असावेत आणि कठड्याबाहेर वह्या उघडून मुले बसलेली असावीत. त्या वह्यांतील पहिला आकडा कमी असेल. पुढील वर्षी त्याच विहिरीचा तोच आकडा पुन्हा घ्यावा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ते गावाला दाखवावेत.